सल्ला : मुलीचं पोट दुखतं, आणि घरात कुणी काही बोलत नाही

वाचकाचं पत्र (थोडं संक्षिप्त करून)

नमस्कार ताई,

आम्ही इंदूरला सुदामा नगरात राहतो. पीथमपूरच्या एका कारखान्यातली यांची नोकरी गेली त्याला आता नऊ महिने झाले. मी एका शाळेत प्रायमरीला शिकवते, संध्याकाळी घरी ट्यूशन घेते, त्यावर घर चाललंय. घराचा हप्ता चालू आहे. घरी सासूबाई, आठवीतली मुलगी आणि तिसरीतला मुलगा.

मुलांना आम्ही काहीच सांगितलेलं नाही, त्यांच्या मनावर परिणाम नको म्हणून. हे रोज सकाळी डबा घेऊन पूर्वीसारखेच निघतात. कधी कुणाला कामासाठी भेटतात, कधी नुसतेच कुठेतरी बसून राहतात. संध्याकाळी आले की कुणी बोललेलं चालत नाही. टीव्हीच्या आवाजावरून, वाटेत पडलेल्या चपलांवरून मुलांवर ओरडतात आणि नंतर मान खाली घालून बसतात. रात्री झोप नाही. आमची भांडणं मुलं झोपल्यावर होतात.

चार महिन्यांपासून मुलीच्या पोटात दुखतं. सकाळी, नेमकं शाळेच्या वेळेला. सोनोग्राफी झाली, रक्त-लघवी तपासली, सगळं नॉर्मल. डॉक्टर म्हणाले टेन्शन असेल. हे म्हणतात नाटक आहे. मागच्या आठवड्यात तिच्या कंपासपेटीत फीच्या दोन नोटिसा सापडल्या, घडी घालून ठेवलेल्या. वर्गात उभं करून फीचं विचारलं होतं म्हणे. मी रागावले तर म्हणाली, ‘तूच सांगितलं होतंस ना, बाबांसमोर पैशाचं काढू नकोस.’

मुलगा मात्र गुणी आहे, त्याचा काही त्रास नाही. काही मागत नाही. यंदा वाढदिवस नको म्हणाला. एकदा माझ्या पर्समध्ये दहा-दहाच्या नोटा निघाल्या. त्याने गुल्लक फोडून ठेवल्या होत्या.

यांचे वडील मिलमध्ये होते. १९९१ मध्ये मिल बंद पडली तेव्हा हे दहा वर्षांचे होते. सासूबाईंनी पापड-लोणची विकून घर चालवलं. पण त्या दिवसांबद्दल आमच्याकडे कुणी बोलत नाही.

परवा हे म्हणाले, ‘मी नसलो तर विम्याचे पैसे तरी मिळतील तुम्हाला.’ मी म्हटलं असं बोलू नका, आणि विषय बदलला.

मुलीला कसं समजवायचं ते सांगा.

– एक आई, इंदूर

*

प्रिय ताई,

तुम्ही मुलीबद्दल विचारलंय. तिच्याकडे येतेच, पण सुरुवात विम्याच्या त्या वाक्यापासून करते, कारण त्याला उद्यावर ढकलता येत नाही.

असं बोलणारा प्रत्येक माणूस जीवावर उदार झालेला असतो असं नाही. पण घरच्यांनी तसं गृहीत धरून गप्प बसायचं नसतं. आज रात्री मुलं आत असताना त्यांच्याजवळ बसा आणि सरळ विचारा, ‘परवा तुम्ही विम्याचं बोललात. जीव द्यावा असं मनात येतं का?’ विचारलं तर नसलेला विचार डोक्यात शिरेल, ही भीती खरी नाही. आत एकट्याने सोसत असलेली गोष्ट कुणीतरी न घाबरता विचारली, याने माणसाला बहुधा हायसंच वाटतं. तुम्ही विषय बदललात तो घाबरून, हे मला कळतं. आता तोच विषय पुन्हा काढायचाय.

त्यांनी हो म्हटलं, किंवा उत्तरच दिलं नाही, तर त्यांना एकटं सोडू नका. घरातली औषधं, कीटकनाशकं हाताशी राहू देऊ नका. ‘टेली मानस’ या मानसिक आरोग्याच्या फोनसेवेचा १४४१६ हा सरकारी क्रमांक चोवीस तास चालतो, पैसे लागत नाहीत. जीवाला धोका आहे असं वाटलं तर थेट एम. वाय. हॉस्पिटलच्या तातडीच्या विभागात न्या. आणि त्यांनी ‘छे, तसं काही नाही’ म्हटलं, तरी या आठवड्यात मानसोपचारतज्ज्ञांना दाखवायचंच. एम. वाय.मध्ये तो विभाग आहे, बाणगंगेला सरकारी मानसिक रुग्णालय आहे. बाणगंगेचं नाव काढलं की इंदूरकर दचकतात. दचकू द्या. झोप उडालेली, चिडचिड वाढलेली, नंतर मान खाली घालून बसणं, ‘मी नसलो तर’ असं बोलणं. पुरुषांचं नैराश्य पुष्कळदा रडण्यातून नाही, संतापातून दिसतं. त्यावर औषध आहे, बोलून करायचे उपचार आहेत, आणि त्यांचा उपयोग होतो.

हे सगळं मी मुलीच्याच प्रश्नाचं उत्तर म्हणूनही सांगतेय. मर्ना वाइसमन या अमेरिकन संशोधिका आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नैराश्यावर उपचार घेणाऱ्या आयांची मुलं पाहिली. २००६ मध्ये त्यांचे निष्कर्ष आले. ज्या आयांचं नैराश्य तीन महिन्यांत हटलं, त्यांच्या मुलांमधल्या मानसिक तक्रारी कमी झाल्या. ज्यांचं हटलं नाही, त्यांच्या मुलांमधल्या वाढल्या. तो अभ्यास आयांचा होता, वडिलांचा नव्हता. तरी तुमच्या घरात मला पहिली गोळी मुलीसाठी लिहावीशी वाटत नाही, एवढं नक्की.

आता मुलगी. तिचं दुखणं नाटक नाही. आतडी आणि मेंदू मज्जातंतूंनी एकमेकांशी जोडलेले आहेत. सततच्या ताणाने आतड्यांची हालचाल बदलते, आणि एरवी जाणवलंही नसतं ते दुखू लागतं. सोनोग्राफीत काही दिसत नाही कारण तिथे जखम किंवा गाठ नाही. दुखतं मात्र खरंच. वजन घटणं, शौचातून रक्त, ताप, वारंवार उलट्या, किंवा दुखण्याने रात्री झोपेतून जाग येणं, यातलं काही दिसलं तर पुन्हा बालरोगतज्ज्ञांकडे जा. नसेल तर आता आणखी तपासण्या करत फिरू नका. प्रत्येक नवी तपासणी तिला सांगते की आत काहीतरी भयंकर आहे आणि ते कुणालाच सापडत नाहीये.

आणि ‘शाळेच्या वेळेलाच कसं दुखतं’ या प्रश्नाचं उत्तर तुम्हीच पत्रात दिलंय. शाळेत तिला चारचौघांत उभं केलं जातं. घरी ते सांगायची सोय नाही, कारण बाबांसमोर काढायचं नाही असं ठरलंय. दोन्हीकडचं ती एकटीने धरून बसली आहे. तेरा वर्षांची मुलगी घराचा मान राखायला नोटिसा कंपासपेटीत लपवते, आणि आपण तिला कसं समजवायचं ते विचारतो. ताई, तिला सगळं समजलंय. समजवायचं आहे ते आपण मोठ्यांनी एकमेकांना.

तुमचा समज असा की मुलांना कळलं तर त्यांच्या मनावर परिणाम होईल. यामागची माया मी जाणते, पण गेल्या पन्नासेक वर्षांचं संशोधन वेगळं सांगतं. ग्लेन एल्डर या समाजशास्त्रज्ञाने अमेरिकेतल्या १९३०च्या महामंदीत वाढलेल्या ऑकलंडच्या मुलांच्या नोंदी वर्षानुवर्षं तपासल्या. घरातला पैसा गेला म्हणून मुलं थेट खचली, असं त्याला फारसं दिसलं नाही. पैसा गेला, बाप चिडका आणि लहरी झाला, नवरा-बायकोत कटकटी वाढल्या, आणि मुलांपर्यंत जे पोचलं ते हे. पुढे १९८०च्या दशकात आयोवा राज्यातले शेतकरी कर्जात बुडाले. तिथे रँड काँगर आणि सहकाऱ्यांनी ४५१ कुटुंबं जवळून पाहिली, आणि साखळी तीच निघाली. तंगीने आईबापांचं मन खचतं, मन खचलं की आपसात खटके उडतात, खटके उडाले की मुलांशी वागणं कडू होतं किंवा तुटक होतं.

म्हणजे नोकरी गेल्याची बातमी तुम्ही मुलांपासून अडवलीत, आणि जे खरोखर लागतं ते रोज संध्याकाळी त्यांच्यापर्यंत पोचतंच आहे. बाबा ओरडतात हे त्यांना दिसतं, का ते माहीत नाही. ‘का’ माहीत नसलं की मूल स्वतःचं उत्तर शोधतं, आणि लहान मुलाचं उत्तर बहुधा ‘माझ्यामुळे’ हेच असतं.

म्हणूनच मला तुमच्या मुलाची काळजी मुलीपेक्षा कमी नाही. तो गुणी आहे, त्याचा त्रास नाही, असं तुम्ही लिहिता. आठ वर्षांचं मूल वाढदिवस नको म्हणतं, गुल्लक फोडून आईच्या पर्समध्ये गुपचूप नोटा ठेवतं. हा शहाणपणा नाही, ही भीती आहे. आपण काही मागितलं नाही तर बाबा ओरडणार नाहीत, असा हिशेब त्याने मांडलाय. एल्डरनेच शेजारच्या बर्कलीतली मुलंही पाहिली. ती १९२८-२९ सालची, म्हणजे मंदी आली तेव्हा अगदी लहान. ऑकलंडची मुलं त्यांच्याहून सात-आठ वर्षांनी मोठी होती. जास्त सोसावं लागलं ते धाकट्यांना, त्यातही मुलग्यांना. मोठी मुलं बाहेर छोटी कामं करत होती, घरात हातभार लावत होती, आपला उपयोग होतोय हे त्यांना दिसत होतं. धाकट्यांच्या वाट्याला फक्त घरातलं वातावरण आलं.

त्या नोटा त्याला परत द्या. गुपचूप नको, समोर बसवून. ‘तू आमच्यासाठी ठेवल्यास, मला खूप बरं वाटलं. पण घरचे पैसे आई-बाबा बघतात. हे तुझे.’ आणि वाढदिवस करा. घरचा शिरा, दोन मित्र, बाबांबरोबर गल्लीत क्रिकेट. खर्च नाही केलात तरी चालेल, टाळू मात्र नका.

आता त्या डब्याबद्दल. तुमच्या पत्रात मला सगळ्यात लागलं ते हेच, की एक माणूस रोज सकाळी डबा घेऊन घराबाहेर पडतो आणि कुठेतरी बसून राहतो. लाज किती खोल असेल! ही लाज कुठून आली तेही तुम्ही लिहिलंय, कदाचित तुमच्या लक्षात न येता. १९९१ मध्ये ते दहा वर्षांचे होते. तुमच्या सासऱ्यांची मिल कोणती ते पत्रात नाही, पण त्या काळात इंदूरच्या मिलवाल्या वस्त्यांनी काय पाहिलं ते शहराला ठाऊक आहे. हुकुमचंद मिल १२ डिसेंबर १९९१ ला बंद झाली, आणि तिथल्या कामगारांच्या देण्यांचा प्रश्न सुटायला डिसेंबर २०२३ उजाडलं. सुमारे ४,८०० कामगारांसाठी २२४ कोटी रुपये निघाले, आणि तोवर त्यातले अनेक जण हयात नव्हते. बत्तीस वर्षं! त्या घरांतली मुलं बाप कामाला का जात नाही हे विचारत मोठी झाली, किंवा न विचारता मोठी झाली. तुमचे यजमान बहुधा न विचारणाऱ्यांपैकी. त्यांना कुणी काही सांगितलं नाही. पडत्या काळात पुरुषाने गप्प राहायचं असतं, हे ते त्या घरात शिकले असावेत. आज तेच करताहेत आणि त्यांना वाटतंय ते मुलांना जपताहेत. म्हणून त्यांच्यावर रागावू नका. त्यांना एवढंच विचारा, ‘तुम्ही दहा वर्षांचे होतात तेव्हा तुम्हाला काय काय कळत होतं?’ उत्तर त्यांनाच धक्का देईल असं मला वाटतं. मुलांना सांगायला ते तयार झाले तर याच प्रश्नाने होतील.

सांगायचं त्यांनी स्वतः, तुम्ही शेजारी बसून, आणि दोन्ही मुलांना एकत्र. डॉक्टरांना एकदा भेटून आल्यावर. रविवारची सकाळ बरी, शाळेचं दप्तर पाठीवर असताना नको. शब्द साधे हवेत. असे काहीतरी :

‘कारखान्यात माणसं कमी केली, त्यात माझी नोकरी गेली. बरेच महिने झाले. तुम्हाला काळजी वाटेल म्हणून बोललो नाही, पण सांगायला हवं होतं. आईला पगार आहे, मी काम शोधतोय, आणि मला झोप लागत नाही म्हणून डॉक्टरांचं औषधही घेतोय. थोडे दिवस काही खर्च कमी करू. पैशाचं काय करायचं ते आई आणि मी बघू, ते तुमचं काम नाही. आणि मी तुमच्यावर ओरडलो ते तुमच्यामुळे नाही. तुमचं काही चुकलं नव्हतं.’

शेवटची दोन वाक्यं गाळू नका. बाकीचं विसरले तरी चालेल. खोटं आश्वासनही नको. दोन महिन्यांत नोकरी लागेल, घर कुठे जाणार नाही, असं जे तुम्हालाच ठाऊक नाही ते बोलू नका. आपण सगळे एकत्र राहू, हे बोलता येतं. मुलगी मागाहून एकटी येऊन जास्त विचारेल, हप्त्याचं, फीचं, आपण गरीब झालो का वगैरे. खरं तेवढं सांगा, आकड्यांच्या तपशिलात नेऊ नका. मुलगा बहुतेक ‘मग मी खेळायला जाऊ?’ म्हणेल आणि चार दिवसांनी रात्री झोपताना प्रश्न विचारेल. तेव्हा दिवा लावून उत्तर द्या.

आणि डबा घेऊन निघणं त्या दिवसापासून बंद. इथे मला आणखी एका अभ्यासाची आठवण होते, कारण तो तुमच्या घराला नेमका लागू पडतो. अमेरिकेत चेरोकी आदिवासींच्या वसाहतीत १९९६ मध्ये कॅसिनो सुरू झाला आणि नफ्याचा वाटा तिथल्या प्रत्येक आदिवासी कुटुंबाला मिळू लागला. जेन कॉस्टेलो आणि सहकारी त्या भागातल्या मुलांचा अभ्यास आधीपासूनच करत होते. जी घरं गरिबीतून वर आली, तिथल्या मुलांचे आक्रस्ताळेपणाचे, वागणुकीचे त्रास कमी झाले. उदासी आणि चिंता यात मात्र तसा फरक पडला नाही. वागणूक सुधारली त्यामागे मोठं कारण हे निघालं की आईबापांना मुलांकडे लक्ष द्यायला उसंत मिळाली. यातून मी दोन गोष्टी घेते. एक, पैशाचं महत्त्व नाकारू नये. तंगीत धीर धरा, सगळं मनावर असतं, असले उपदेश मला पटत नाहीत. नोकरी मिळाली तर मुलांनाही बरं वाटेलच. दुसरं, मुलांना हवा असतो तो मोकळा आईबाप. तुमच्याकडे सकाळपासून रात्रीपर्यंत उसंत नाही. यजमानांकडे आज ती आहे, आणि ती कुठल्याशा बाकावर बसून संपतेय. शाळेची व्हॅन असेल तर ती बंद करून मुलीला त्यांनी स्कूटरवर सोडलं तर पैसेही वाचतील आणि शाळेच्या वाटेवर बाप बरोबर असेल. मुलाचा गृहपाठ त्यांनी घ्यावा. दुपारी काम शोधायचं ते शोधावं, ठरलेल्या वेळेला. दिवसाला असा आकार आला की नैराश्याच्या औषधालाही हात मिळतो.

तुमच्याशी थोडं वेगळं बोलायचंय. ‘बाबांसमोर पैशाचं काढू नकोस’ हे तुम्ही घर शांत राहावं म्हणून म्हटलंत. पण त्या दिवशी तुम्ही मुलीला बापाची राखण करायला बसवलंत. मोठी मुलगी, समजूतदार, आईचं ऐकणारी, म्हणून तिच्यापाशी आपण मन मोकळं करतो. इंदूरच्या आपल्या मराठी घरांत तर थोरल्या मुलीचं कौतुकच त्यासाठी होतं. तिला काम जरूर द्या. भाजीची यादी, भावाचं पाढे पाठांतर, रविवारचे पोहे तिने करावेत. कामाने मूल उभं राहतं. आई-बाबांच्या मनाची काळजी मात्र तिच्याकडे नको. तुम्हाला रडायचं असेल तर बहीण, मैत्रीण, शाळेतली सहकारी, कुणीतरी मोठं माणूस शोधा. टेली मानसवर तुम्हीही बोलू शकता. घर तुमच्या पगारावर चाललंय, पत्रभर तुम्ही स्वतःच्या मनाबद्दल एक ओळही लिहिलेली नाही, हे माझ्या नजरेतून सुटलेलं नाही.

भांडणं मुलं झोपल्यावर होतात म्हणता. ती झोपलेली नसतात. सुदामा नगरच्या घरांच्या भिंती मला ठाऊक आहेत. भांडण अजिबात होऊ देऊ नका, असं मी म्हणणार नाही, नऊ महिन्यांच्या तंगीत ते कुणालाच जमणार नाही. पण मुलांना भांडणाचा फक्त आवाज ऐकू येतो, मिटलेलं कधी दिसत नाही. मिटलेलं दिसलं की मुलांचा ताण बराच उतरतो, हे पुष्कळ प्रयोगांत दिसलंय. सकाळी चहा देताना त्यांच्यासमोर म्हणा, ‘काल आम्ही हप्त्यावरून भांडलो, मग बोललो, आता ठीक आहे.’ खरंच मिटलं असेल तरच हं. खोटं मिटवलेलं त्यांना लगेच ओळखू येतं.

तुमच्या सासूबाईंचा तुम्ही ओझरता उल्लेख केलाय. मला वाटतं तुमच्या घरातलं सगळ्यात मोठं भांडवल त्याच आहेत. एमी वर्नर यांनी हवाईतल्या काउआई बेटावर १९५५ मध्ये जन्मलेली जवळपास ७०० मुलं मोठी होईपर्यंत पाहिली. गरिबी, घरातली भांडणं, आईबापांचे आजार अशा अनेक अडचणी ज्यांच्या वाट्याला एकदम आल्या, त्यातलीही सुमारे एक तृतीयांश मुलं नीट, खंबीर, माणसांत मिसळणारी अशी वाढली. त्यांच्यात समान काय होतं, तर आईबाप अडचणीत असतानाही धरून ठेवणारं एक तरी स्थिर माणूस. पुष्कळदा ते आजी-आजोबा होते. सासूबाईंनी हा काळ एकदा निभावून नेलाय, ज्याची त्यांच्या मुलाला आज लाज वाटते. त्यांना म्हणावं, नातवंडांना सांगा. पापड किती लाटायचात, कुठल्या गल्लीत विकायचात, मिल बंद पडल्यावर पहिली दिवाळी कशी केलीत, कोण उधारी द्यायचं, कोण तोंड फिरवायचं. मिल बंद पडल्या तरी कामगारांनी अनंत चतुर्दशीची झांकी, म्हणजे सजवलेल्या देखाव्यांची मिरवणूक, बंद पडू दिली नाही, पदरचे पैसे घालून, वर्गणी मागून ती काढत राहिले. ती बघायला त्या मुलाला घेऊन गेल्या होत्या का, तेही विचारा. मुलांसमोर हे ऐकताना तुमच्या यजमानांच्या डोळ्यांत पाणी आलं तर येऊ द्या.

सकाळच्या पोटदुखीचं रोजचं काय करायचं, तेही सांगते. ‘दुखतंय का, कसं आहे’ असं दर दहा मिनिटांनी विचारू नका, दुर्लक्षही नको. एकदा जवळ घ्या, गरम पाण्याची पिशवी द्या, ‘दुखतंय ते मला माहीत आहे, आणि आपण शाळेत जातोय’ एवढंच. फार दुखलं तर पहिला तास चुकवून जाऊ द्या, अख्खा दिवस नको. एकदा घरी राहायची सवय लागली की परत जाणं दर दिवशी अवघड होतं. घरातलं आणि शाळेतलं बदलल्यावर दीडेक महिन्यात उतार दिसायला हवा. नाहीच दिसला, किंवा ती खाणंपिणं, मैत्रिणी, सगळ्यातून अंग काढू लागली, तर तिलाही तज्ज्ञाकडे न्या. यजमान ज्या डॉक्टरांकडे जातील, त्यांनाच मुलांसाठी कुणाकडे जायचं ते विचारता येईल.

पण तिला शाळेत जा म्हणण्याआधी शाळेशी बोलायला हवं, आणि ते याच आठवड्यात, दोघांनी मिळून. मुख्याध्यापकांना लेखी पत्र द्या. नोकरी गेल्याचं एका ओळीत लिहा, फी हप्त्यांनी भरायची तारखांसह परवानगी मागा, आणि यापुढे फीबद्दलचं काहीही मुलीच्या हाती देऊ नये, वर्गात विचारू नये, थेट पालकांना कळवावं, असं स्पष्ट लिहा. २००९च्या शिक्षण हक्क कायद्याचं कलम १७ मुलांना शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोन्हीची मनाई करतं. पत्रात त्याचा उल्लेख करा, नम्रपणे पण करा. तुम्ही स्वतः शिक्षिका आहात, तुम्हाला हे मागताना संकोच वाटेल. मुलीसाठी तो बाजूला ठेवा. पत्राच्या दुसऱ्या प्रतीवर शाळेची पोच घ्या. ऐकलं नाही तर जिल्हा शिक्षण अधिकारी आहेत, राज्याचा बाल अधिकार संरक्षण आयोग आहे. पोच मिळाली की ती प्रत मुलीला वाचायला द्या, म्हणजे तिसरी नोटीस लपवायची वेळ येणार नाही हे तिला तुमच्या सहीनिशी कळेल.